पिंपरीच्या माळावरचा ज्वालामुखी

हसणार नाही असं आधी कबूल करा. नाही करत? बरं, हसा. एवढी वर्षं झाली, आता मीही हसतो. पण पिंपरीच्या माळावर मी जिवंत ज्वालामुखी शोधून काढला होता, तेव्हा माझ्या पोटात अन्न जात नव्हतं!

आमच्या भागात तेव्हा नुकते कारखाने यायला लागले होते. चहूकडे ज्वारी, बाभळी आणि मधेच एखादी विटांची नवी भिंत. अशाच एका कंपनीनं पाया खणण्याआधी जमीन तपासायला मला ठेवलं. भूगर्भशास्त्राचा ताजा पदवीधर! तीन महिने उमेदवारी. अहवाल पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. आणि घरी वडील टपलेलेच. “दगड ओळखायला कॉलेजात जावं लागतं होय रे?”

माझ्या डोक्यात क्रिटेशस युग भिनलेलं. म्हणजे बघा, त्या युगाच्या शेवटी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, इथली जमीन फाटली, लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. आपला सगळा काळा पाषाण तो हाच. घोरवडेश्वराचा डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो ना? ते सगळे लाव्ह्याचे थर! हे मी चहावाल्यालाही सांगायचो. मी लवकर उठावं म्हणून बिचारा कप अर्धाच भरायचा.

तर, माळाच्या कडेला खड्डा घेतला आणि मी उडालोच. राख! खाली माती, पुन्हा राख, पुन्हा माती. अकरा थर मोजले. आणि राखेत मुठीएवढा एक गोल, काळा, भाजलेला गोळा. ज्वालामुखी असे गोळे आकाशात भिरकावतो, हे आम्ही चित्रासकट शिकलो होतो.

शेजारच्या शेताचे मालक सोपानबाबा बांधावर तंबाखू मळत बसले होते. त्यांना गाठलं.

“बाबा, इथं कधी आग भडकली होती का?”

“भडकतीच की! आमच्या आज्यापासनं.”

मी घाईघाईनं वही उघडली. “शेवटची कधी?”

“गेल्या सालीच. लई मोठी. जाळ पार त्या बाभळीच्या शेंड्याला.”

“आणि लोक?”

“लोक बोंबलत्यात. दुसरं काय करनार?”

“पळून नाही जात?”

“पळायचं कशापायी? आमी पोराबाळांसकट हितंच असतो.”

काय हे धैर्य! डोळे पाणावले हो माझे. कसंबसं विचारलं, “पुन्हा कधी?”

“अजून दीड महिना हाय,” बाबा बोटं मोजून म्हणाले.

त्याच दिवशी अहवाल लिहिला. ‘जागा धोकादायक. ज्वालामुखी जिवंत असून दरसाल नियमितपणे जागा होतो. स्थानिकांना दिवस तोंडपाठ आहे.’

आमचे मोठे साहेब विलायतेत शिकून आलेले. त्यांनी तो गोळा भिंगाखाली धरला, दोनदा “अप्रतिम!” म्हणाले, अहवालावर माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव घातलं आणि मुंबईच्या कचेरीला पाठवून दिला. झालं! पायाचं काम थांबलं. मजूर घरी गेले. दुर्बिणी आल्या, स्ट्रेचर आलं, आगीचा बंब आला.

ठरल्या दिवशी आम्ही दोन फर्लांगांवर जीप लावून उभे. दिवेलागण झाली आणि माळावर भडका उडाला!

“दामले, सुरू झाला!” साहेब ओरडले आणि बंबामागे गेले.

तेवढ्यात धुरातून सोपानबाबा चालत आले. हातात ताट.

“साहेब, लांब का हुबं? जवळ या की. पोळी घ्या.”

“अहो, पण आग!”

“मग? होळीला आगच असनार!”

साहेबांनी सावकाश खिशातून तो गोळा काढला. “आणि हे काय आहे?”

बाबांनी उलटासुलटा करून पाहिला. “ह्यो व्हय? होळीत टाकल्याला नारळ. काढून खायचा राहिला जनू.”

आता सांगा, लहानपणी होळीसाठी शेजाऱ्यांची लाकडं पळवणारा मी! पण डोक्यात एकदा क्रिटेशस शिरलं की फाल्गुन कुठला आठवतोय? माझी तर मान वर होईना. साहेबांनी मात्र तेवढ्यात तीन पोळ्या खाल्ल्या, तुपासकट.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वळकटी बांधूनच गेलो. पण साहेबांपुढे माझ्याहून मोठा पेच! मला काढायचं तर कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहावं तर अहवालावर पहिलं नाव कुणाचं? शेवटी त्यांनी मुंबईला कळवलं, ‘ज्वालामुखी आमच्या देखरेखीखाली शांत झाला आहे.’ मुंबईनं त्यांचं अभिनंदन केलं.

आणि मला कायम केलं. खरंच! कँटीनच्या व्यवस्थेवर.

हुकूम हातात देताना साहेब अगदी शांतपणे म्हणाले, “दामले, तिथं रोज सकाळी चूल पेटते. मला तार करू नका.”