वहिनीला चकवणारी कादंबरी

रहस्यराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पुतणीने लहानपणी चिडवायला ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातल्या खुनांच्या कादंबऱ्या लिहायचा बिचारा. भुयारं काय, विषाचे प्याले काय, विचारूच नका! वाचनालयात त्याची पुस्तकं फाटेपर्यंत फिरायची, समीक्षक मात्र ढुंकूनही बघायचे नाहीत. त्याचं त्याला फारसं काही वाटायचं नाही. त्याला धास्ती होती ती एकाच माणसाची, त्याच्या वहिनीची.

पद्धत ठरलेली होती. कादंबरी झाली की शेवटचं प्रकरण घरी ठेवायचं, दादाकडे जायचं आणि बाकीची सगळी वहिनीला वाचून दाखवायची. वहिनी स्वेटर विणता विणता ऐकायची. वाचन संपलं की सुया न थांबवता म्हणायची, "भावजी, खून धाकट्या राणीच्या भावाने केला. हो ना?" आणि अगदी तसंच असायचं! मग हा तोंड पाडून घरी यायचा आणि सगळं पुन्हा लिहायला बसायचा. वहिनीला ओळखता येणार नाही असं एक तरी पुस्तक लिहिलं, तरच आपण खरे लेखक, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

मग ती खजिनदाराची कादंबरी झाली. त्यात खजिनदार दुसऱ्याच प्रकरणात मारला जातो. प्रेत जळालेलं, ओळखू न येणारं. हा मेलाच नसेल की काय, अशी शंका वाचकाला यावी म्हणून रहस्यरावाने मुद्दाम दिलेली ती हूल होती. वाचन निम्म्यावर आलं तेव्हा वहिनी म्हणाली, "खजिनदार बराच वेळ काही बोलला नाही हो." याच्या मनात लाडू फुटले. लागली गळाला! थोड्या वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली. विणकाम तिच्या मांडीवर तसंच पडून होतं. किती रंगून गेल्यात, असं त्याला वाटलं. शेवटी तिने खुनी म्हणून खजिनदाराचंच नाव घेतलं, तेही चाचरत.

"हरलात, वहिनी! साफ हरलात!" तो खुर्चीवरून उठून चक्क नाचला. वहिनी काहीतरी सांगायला गेली, तर "आता सबबी नकोत हं!" म्हणून त्याने तिला गप्प केलं. दादा दारात उभा होता. तो हसला नाही. बायकोची बाजू घेतोय लेकाचा, असं म्हणून यानं तेही सोडून दिलं.

प्रकाशकाला हा किस्सा त्याने रंगवून सांगितला. प्रकाशक कसला सोडतोय! त्याने पुस्तकाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं, 'लेखकाची वहिनी आजवर कधीच फसली नव्हती. या वेळी तीही फसली!'

नवीकोरी प्रत घेऊन रहस्यराव मोठ्या ऐटीत दादाकडे गेला. दार पुतणीने उघडलं. तिने त्याच्या हातातलं पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, आईला विसरण्याचा आजार झालाय. कालच डॉक्टरांनी सांगितलं. ते म्हणाले, सुरुवात बरीच आधी झाली असणार, लवकर यायला हवं होतं."

"पण... मला कसं कळणार गं?"

"तुझ्या गोष्टीतला शिपाई चिखलातलं पाऊल बघून माणूस लंगडा होता ते ओळखतो. आणि इथे माझी आई तुझ्यासमोर बसून मेलेला माणूस कधी बोलतोय याची वाट बघत होती. बाबांनी सांगितलं मला. तेव्हा तू नाचत होतास म्हणे."

जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं त्याला झालं. वहिनीच्या दुखण्याची त्याने स्वतःची कमाल म्हणून दवंडी पिटली होती, आणि आता ती घरोघरी वाचली जाणार होती. लाज वाटली, फार लाज वाटली. परत फिरावं असंही मनात आलं, पण आतून वहिनीने हाक मारली, "भावजी आले का?"

ती खिडकीशी बसली होती. पुस्तक लपवायला गेला, तर तिने हात पुढे केला. मागच्या ओळी तिने बोट ठेवून सावकाश वाचल्या.

"ही मीच ना?"

"वहिनी, मी..."

"त्या दिवशी मी सांगणारच होते हो. कोण कुणाचं काय लागतं, ते डोक्यात राहतच नव्हतं. फार भीती वाटली मला. पण तुम्ही इतके खूश झालात, म्हटलं राहू दे."

त्याने मान खाली घातली. वहिनीने पुस्तक नीट मिटून त्याच्या हातात दिलं आणि त्याचीच समजूत काढायला लागली.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, भावजी. चुकलं माझंच. पुढच्या वेळी मी नीट लक्ष देऊन ऐकेन."