बटणाची छत्री

मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. दोन महिन्यांनी कंपनीने मला अमेरिकेला पाठवायचे ठरवले. तिथे एकट्याने राहायचे म्हणून मी कपड्यांत लपेल असे छोटे पिस्तूल निवडू लागलो. मी कधी झुरळही मारलेले नाही, पण चुकून गोळी सुटू नये म्हणून पिस्तुलाला वेगळा सेफ्टी खटका असावा की नसावा, यावर माझ्या वहीत अकरा पाने टिपणे होती.

वही मी सिंगापुरात, बेडोकमधल्या आमच्या इमारतीखाली बसणाऱ्या चिनी अंकलपुढे ठेवली. त्यांनी पोलिसांना नेमबाजी शिकवली होती. झाडायची वेळ येईपर्यंत ट्रिगरवर बोट ठेवायचे नाही, या सवयीने कॉफीचा कप धरतानाही त्यांची तर्जनी सरळ असे. वही न उघडता त्यांनी मला बटण दाबून उघडणारी छत्री दिली.

"खटका नंतर ला, सर," सिंगापुरी सवयीचा 'ला' जोडत ते म्हणाले. " आठवडाभर ही बाळगा. पाऊस नसताना उघडायची नाही."

तिसऱ्या दिवशी एमआरटी मेट्रोत मला पत्नी आठवली, बोटाचा विसर पडला आणि छत्री समोरच्या बाईंच्या तोंडावर उघडली.

हे ऐकून अंकल हसले नाहीत.

"कोणाला लागलं?"

"नाही."

"छत्री होती म्हणून."

अमेरिकेत मी दोन वर्षे पिस्तुलाविना राहून आलो. आता अंकल नाहीत. छत्री आहे, आणि ती धरताना माझी तर्जनी सरळ असते.