मिशीवाल्या काकांचा शेवटचा खडा

गल्लीत त्यांना सगळे मिशीवाले काका म्हणायचे आणि नवीन राहायला आलेल्या माणसाला ते काही केल्या कळायचं नाही. कारण काकांचा ओठ कायम गुळगुळीत. मिशी त्यांची नव्हतीच मुळी. ती वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या मांजरीची होती. मांजरीला सगळे राणीसरकार म्हणत, आणि तीही तशीच वागे.

काका संशोधन संस्थेत प्रथिनांचे स्फटिक वाढवायचे. काचेच्या चकतीवर टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून इवल्याशा खळग्यावर झाकायची आणि वाट बघायची. थेंबातलं पाणी सावकाश कमी झालं, तर आतलं प्रथिन शहाण्यासारखं रांगेत बसतं आणि खडा तयार होतो. नाही तर नुसता गाळ. मग त्या खड्यावर क्ष-किरण सोडून आतली रचना काढतात, ते काम दुसऱ्यांचं.

आता थेंब हटून बसला तर? दुधाला विरजण लावतो ना, तसं जुन्या खड्याचं विरजण लावायचं. आणि त्यासाठी मांजराच्या मिशीसारखी दुसरी चीज नाही. ताठ, गुळगुळीत, टोकाला बारीक. जुन्या खड्यावर मिशी हलकेच घासून घ्यायची, डोळ्यांना न दिसणारी भुकटी तिला चिकटते. मग नव्या थेंबातून एक रेघ ओढायची. त्या रेघेवर खडे उगवतात, वाफ्यात मेथी उगवावी तसे. मिशी मात्र आपोआप गळलेलीच हवी, हा काकांचा नेम. उपटायची नाही.

त्यामुळे जिन्यात मावशी भेटल्या की काकांचा पहिला प्रश्न, "गळली का हो एखादी?" तो इतक्या काळजीने विचारलेला असे की नवे भाडेकरू छताकडे बघायचे.

काकू तर संधीच शोधत असायच्या. "बाकीच्यांचे नवरे वरच्या मजल्यावर कशाला जातात ते तरी समजतं. आमचे मिशी शोधायला जातात! आणि मी वेडी त्यावर विश्वासही ठेवते."

"खरंच मिशीच शोधतो गं."

"तेच तर दुःख आहे."

काकांचं घरातलं वागणंही थेंबासारखंच. दार लावायचं तर कडीचा आवाज नाही, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. धक्का बसला की खडे बिघडतात, ही सवय हाडात मुरलेली. "अहो, तो कप आहे, बाळ नाही," असं काकू रोज सकाळी म्हणायच्या.

असे छान दिवस चालले होते आणि काकांची निवृत्ती येऊन ठेपली. त्यांच्या टेबलाच्या जागी थेंब टाकणारं यंत्र बसणार होतं. त्याला ना मिशी लागणार, ना मावशी. काकांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांना एकच हवं होतं. हातात होतं ते शेवटचं प्रथिन पूर्ण करून जायचं.

ते प्रथिन म्हणजे एक एन्झाइम, शरीरातली कात्रीच म्हणा. काही मुलांच्या रक्तात एक पदार्थ साचत जातो, कारण तो कापणारी कात्री त्यांच्या शरीरात जन्मतःच बिघडलेली असते. आणि काही कर्करोगांच्या गाठी त्याच पदार्थावर पोसतात. म्हणजे बाहेरून धडधाकट कात्री टोचता आली तर मुलांचं रक्त साफ होईल आणि गाठींची उपासमार. अडचण एवढीच, की या कात्रीची धार म्हणजे तिच्या मधल्या खळगीत, खिशातच म्हणा, बसलेला धातू, आणि मूळचा धातू रक्तात जाताच खिशातून निसटतो. म्हणून काकांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी खिसाच नव्याने शिवला. दोन-तीन टाके बदलले आणि त्यात कोबाल्ट हा दुसरा धातू बसेल असं केलं. बसतो की नाही, आणि कसा बसतो, हे खड्याशिवाय दिसणार नव्हतं. खूण मात्र सोपी होती. कोबाल्ट बसला तर खडा जांभळट दिसणार.

काकांनी खडे वाढवले. आणि काय खडे! कडा धारदार, पैलू आरशासारखे. अख्खी प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकापाशी रांग लावून आली. कोणीतरी पेढे मागितले. शेवटी मॅडम आल्या, डोळा लावला, आणि चकत्या सरकवत एकेक थेंब बघितला.

"काका, रंग कुठाय?"

खडे पाण्यासारखे नितळ, बिनरंगी होते.

"माझा खिसाच फसला वाटतं," मॅडम हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "कशात वाढवलेत?"

"नेहमीचंच. आपलं लिंबाच्या सत्वाचं..." आणि काका मध्येच थांबले. मॅडमनीही मान वर केली.

दोघांच्या एकदमच लक्षात आलं. लिंबाच्या सत्वाचं मीठ, म्हणजे सायट्रेट, हा काकांचा हुकमी एक्का. हट्टी प्रथिनांना त्याने कितीदा वठणीवर आणलेलं. पण ते मीठ धातूवर टपलेलं असतं. खिशातला कोबाल्ट त्यानेच अलगद काढून घेतला होता. इतके देखणे खडे, आणि सगळ्यांचे खिसे रिकामे.

काका घरी आले ते तोंड पाडून. जेवताना त्यांनी भांडं आपटलं. काकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काय झालं हो?"

"हातखंडा होता ना माझा. तोच आडवा आला."

"मग दुसरं काही घाला की."

"दुसऱ्यात खडे सुरूच होत नाहीत. विरजण लावावं लागेल. आणि प्रथिन उरलंय एका खेपेपुरतं. माझ्याकडच्या मिश्या सगळ्या झिजल्यात. मला जाताना तो धातू बसलेला बघायचाय गं, बाकी काही नको."

काकू उठल्या आणि वर गेल्या. त्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. मावशींच्या खोलीत काकू पालथ्या पडून मशीनखाली हात घालतायत, काका गादी उचलून धरतायत, मावशी चिंध्यांचं गाठोडं झटकतायत आणि राणीसरकार कपाटावर बसून तिघांकडे तुच्छतेने बघतायत.

"ही बघा!" काकू ओरडल्या.

"तो दोरा आहे," काका म्हणाले.

मिशी सापडली ती मावशींच्याच लोकरी शालीत अडकलेली. काकांनी ती अशी धरली, की मावशी म्हणाल्या, "लग्नात मंगळसूत्रसुद्धा एवढं जपून धरलं नसेल यांनी."

"थरथरत होते तेव्हा," काकूंनी माहिती पुरवली.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या रिकाम्या, देखण्या खड्यांपैकी एकावर मिशी घासली आणि लिंबाच्या सत्वाशिवायच्या नव्या थेंबांतून रेघा ओढल्या. मग वाट बघणं आलं. बहुतेक थेंबांत गाळ झाला. एका थेंबात मात्र रेघेवर चार-पाच खडे धरले. वेडेवाकडे, कोपरे खाल्लेले. काकांच्या तरुणपणी असे खडे त्यांनी कोणाला दाखवलेसुद्धा नसते. पण जांभळे होते. पहाटेच्या आभाळात असतो तेवढाच, फिकट जांभळा.

त्यातले बरे खडे क्ष-किरणांना गेले आणि चित्र आलं. खिशाच्या मधोमध कोबाल्टचा गोळा, आणि प्रथिनाने त्याला सगळ्या बाजूंनी बोटांनी धरल्यासारखं पक्कं धरलेलं. औषध व्हायला अजून पुष्कळ वाट होती, ती इतरांनी चालायची. मॅडम काकांच्या पाया पडायला वाकल्या तर काका टेबलाला धडकत मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी टेबल हलवलं.

निवृत्तीच्या दिवशी काकू त्यांना न्यायला आल्या. इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. मागे राहिलेला सगळ्यात वाकडा खडा अजून थेंबात होता.

"हा घरी नाही का नेता येणार?" त्यांनी विचारलं.

"थेंबाबाहेर काढला की मरतो."

काकूंनी पदर सावरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मला माझ्याच पापण्या दिसतायत."

"जरा मागे हो. आता?"

"आता धूळ... थांबा. एवढासा?"

"एवढासाच."

काकांनी बोटाने सूक्ष्मदर्शकाचं चक्र किंचित फिरवून दिलं. बाहेर यंत्राची खोकी येऊन पडली होती, हमाल दारात खोळंबले होते. काकूंनी डोळा काढला नाही. "जांभळा आहे हो," त्या म्हणाल्या, आणि हमालांना हातानेच थांबायची खूण केली.