खिळ्यावरचा समुद्र

"चल म्हणायलोय ना, वैनी! जीप दारात उभी हाय. सांजच्या गाडीचं रिझर्वेशन हाय."

"जीप आणलीस, बरं केलंस. डोळे आणलेस का?"

"असं काऊन बोलायलीस?"

"मग कसं बोलू? तुमी सायेब माणूस. तुमीच सांगा, भावजी."

पार्वतीबाईनं दिराला 'भावजी' म्हटलं की खैर नसायची. एरवी तो तिचा वैजू. सासू गेली तेव्हा वैजीनाथ चड्डीची नाडी बांधता न येण्याएवढा होता. पेडगावच्या शाळेत हिनंच त्याला बखोटीला धरून नेऊन बसवलं. दिवाळी झाली की नवऱ्याच्या जोडीनं ऊसतोडीला निघायची. वैजूचं परभणीतलं कॉलेज त्या दोन कोयत्यांवर झालं.

नवरा, आश्रुबा, ओसरीत बैलाची म्होरकी वळत बसला होता. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "अगं, जा की. इतक्या लांबून आलाय तो."

"तुमी म्होरकी वळा."

आश्रुबा म्होरकी वळू लागला.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात वैजीनाथला अहमदाबादेत नोकरी लागली. विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटलेला, एस.टी. बंद. आश्रुबानं त्याला बैलगाडीतून परभणीच्या स्टेशनावर सोडलं. गाडीत वैनी शेजारी बसली होती, मांडीवर धपाट्यांचं फडकं.

"काय काम हाय रं तिथं?"

"समुद्राचा रंग बघायचा, वैनी. आभाळातून."

"त्याला एमेस्सी कशाला लागती? काठावर उभं ऱ्हायलं की दिसतोच की."

"काठावरून येवढासाच दिसतो. आभाळातून समदा."

तिनं मांडीवरच्या फडक्याची गाठ आवळली. मग म्हणाली, "म्या तर येवढासाबी न्हाई बघितला. दाखवशील?"

"पुढच्या सुट्टीत. नक्की."

त्याच सालाच्या शेवटी अमेरिकेनं समुद्राचा रंग टिपणारं एक यंत्र उपग्रहावर बसवून वर सोडलं. त्याच्या चुंबकीय फिती अहमदाबादेत यायच्या आणि वैजीनाथचं तारुण्य त्या फितींत जायचं. काम चिकट. उपग्रहाला वरून जो उजेड दिसतो त्यात समुद्राचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळी मधली हवा, धूळ, धुकट. ती हवा आधी वजा करायची. मग उरलेल्या उजेडात निळा किती नि हिरवा किती ते बघायचं. पाण्यात शेवाळासारख्या बारीक वनस्पती दाटल्या की निळा उणावतो, हिरवट झाक चढते. जिथे ही हिरवळ, तिथे मासळी. वैजीनाथ हे सांगायला लागला की त्याचे हात हवेत फिरायचे आणि समोरच्याचा चहा निवायचा.

एका दिवाळीला त्यानं घरी एक मोठं चित्र आणलं. अरबी समुद्राचं. हिरवळ कुठे किती ते चटकन कळावं म्हणून संगणकाकडून भरून घेतलेले रंग: कमी तिथे जांभळा, मध्यम तिथे पिवळा, भरपूर तिथे लाल. म्हणजे खरं पाणी जिथे सगळ्यांत हिरवट, तिथे चित्रात लालभडक. किनाऱ्याला लाल पट्टा, त्याच्या पुढे पिवळा.

पार्वतीबाईनं ते दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या तोंडाचा आ झाला.

"अगं माय! काठाला कुंकू, पुढं हळद! म्हंजी समुद्र सवाष्ण हाय की रं!"

वैजीनाथ खो खो हसला. सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण ती इतकी हरखली होती, आणि त्याला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तिनं देवळीशेजारी खिळा ठोकून चित्र टांगलं. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती आधी भिंतीपुढे न्यायची. बायका समुद्राला बोट लावून कुंकू लावायच्या. कागदावर डाग पडत गेले, आणि कुठलं लाल उपग्रहाचं, कुठलं पेडगावच्या बायकांचं, ते ओळखू येईना.

'पुढच्या सुट्टीत' मात्र पुढेच जात राहिलं. शहाऐंशी साली ते यंत्र बंद पडलं. वैजीनाथ गावी आला तो घरात कुणी मयत झाल्यागत खांबाला टेकून बसला.

"चला, मोकळा झालास," वैनी म्हणाली. "आता दाखव."

"आता तर खरं काम, वैनी. येवढ्या फिती पडल्यात, त्या कोण वाचणार?"

त्याच मुक्कामात चुलीपुढे भाकरी थापताना ती म्हणाली होती, "वैजू, आजकाल दिव्याभवती रंगाची कडी दिसत्यात बघ. तुझ्या चित्रावाणी. हळद, कुंकू, समदं."

"तूबी सायंटिस झालीस मग," तो म्हणाला होता. दोघंही हसले होते.

दिव्याभोवतीची रंगीत कडी ही काचबिंदूची खूण असू शकते, हे त्याला काही वर्षांनी परभणीच्या डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं. तोवर तिचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यात नुसता उजेड नि अंधार उरला होता. गेलेली नजर परत येत नाही, असंही डॉक्टर म्हणाला. त्यानंतर वैजीनाथनं रजा काढली, तिकिटं काढली, जीप ठरवली.

"दिसंना तर न्हाई, वैनी. वारं लागंल. लाटंचा आवाज ऐकशील. पाण्यात पाय घाल."

"पाय दुधना नदीतबी घालते मी."

"लय हट्टी हायेस!"

"हट्टी?" ती एकदम आवाजाच्या दिशेनं वळली. "आवो, सांगा तुमच्या भावाला. कोल्हापूरकडचं सांगा."

आश्रुबाचे हात थांबले. "जाऊ दे ना आता ते."

"मग मीच सांगते. कारखान्याचा पट्टा पडला व्हता, शेवटचा ऊस तोडून झाला व्हता. मुकादमानं टोळीला टरकात घातलं, म्हणला, चला, गणपतीपुळ्याला देव बघा, समुद्र बघा. समदी गेली. म्या आमची पाचटाची कोपी राखत बसले. आपल्या गल्लीतली बायनाबाई हाताला धरून वढायली, चल गं पार्वती. म्या म्हणलं, माझा वैजू दाखवणार हाय. त्याच्याच हातानं बघीन."

वैजीनाथ खाली बसला.

"आल्यावर बायना म्हणली, निळा हाय गं, निळा, हिरवा. म्या म्हणलं, खोटारडी! आमच्या घरात समुद्र हाय, मला शिकवती. लय भांडले. तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या दारावरून जायचं टाकलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मागच्या पोळ्याला गेली ती. आन् आता कोकिळानं त्या कागदाखालचं इंग्रजी वाचलं. म्हणती, आई, हे रंग समजायसाठी दिलेत, खरे न्हाईत."

कोकिळा, तिची लेक, परभणीला कॉलेजात होती. आईला वाचून दाखवल्यापासून ती घरात कुणाशी धड बोलत नव्हती.

"तवाच काऊन न्हाई सांगितलंस?"

"तू... खुश व्हतीस, वैनी."

"लेकराला खुळखुळा देत्यात तसं."

आश्रुबानं म्होरकी खाली ठेवली. जीपवाल्यानं बाहेर एकदा हॉर्न वाजवला.

मग पार्वतीबाईचा आवाज उतरला. "बरं, वैजू," ती म्हणाली. पुन्हा वैजू म्हणाली. "जायचं सोड. येकच सांग. खरा कसा असतो रं त्याचा रंग?"

"निळा..."

"ते बायनाबी म्हणली. ती खरी व्हती, ते कळलं मला. मी तुला इचारायले. तू गेला व्हतास ना नावंवर? तुला कसा दिसला?"

वेरावळ बंदरापुढच्या नावेवर गेला होता तो, कितीदा तरी. भर दुपारी उपग्रह डोक्यावरून जायचा, त्याच वेळेला पाणी काढावं लागे, म्हणजे वरचं माप खालच्याशी ताडून बघता येई. बादली वर ओढायची, पाणी गाळायचं, गाळणकागद चिमट्यानं उचलायचा, बाटलीवर चिठ्ठी लावायची. मान खाली. कागदावरचा शेवाळी डाग त्याला आत्ताही लख्ख दिसत होता, रुपयाएवढा. त्याच्या पलीकडे, कठड्याबाहेर, काय होतं? तिकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

काहीही सांगितलं असतं तरी तिनं मानलं असतं. त्या दिवाळीलाही मानलंच होतं.

तो उठला. उंबऱ्याशी चपला चाचपल्या.

"वैजू? आरं, बोल की."

जीपवाल्यानं दार उघडून धरलं. वैजीनाथ त्याच्यासमोरून तसाच पुढे गेला, गल्लीनं, खाली मान घालून.