फणसाखालचं गाऱ्हाणं

मी आज पदवीधर आहे, डिचोलीला मास्तर आहे आणि आई पाहुण्यांसमोर मला ‘आमचो सर’ म्हणते, या सगळ्याला एकच व्यक्ती जबाबदार आहे: पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या पाचवीच्या बाई. रागावलेलं मूल आणि उपाशी मूल यांत काही फरक असतो, हे अख्ख्या गोव्यात एकट्या आमच्या बाईंना मान्य नव्हतं. कोणी वही फाडली, कोणी कोणाला बोचकारलं, की त्या आधी त्याच्या कपाळाला हात लावत आणि विचारत, “जेवलंस रे?” मग पर्समधून जत्रेतलं खाजं निघे. एकदा तपासणीचे साहेब आठ्या घालून वर्गात शिरले, तर बाईंनी त्यांच्याही हातावर खाजं ठेवलं. साहेबांनी ते निमूटपणे खाल्लं. हेडमास्तरांनी दिलेली छडी बाईंनी शाळेच्या आवारात रोवून तिच्यावर वालीचा वेल चढवला होता. “छडी लागली की गूण येता म्हणतत, तो ह्यो!” असं म्हणत त्या हेडमास्तरांनाच शेंगा नेऊन देत. पण रडक्या-भांडक्या पोरांची त्यांना काळजी नसे. “जो ‘काय ना’ म्हणता, तेच्यार लक्ष ठेवचा,” असं त्या म्हणत; ‘काय ना’ म्हणजे ‘काही झालं नाही’.

त्यांचं मुख्य औषध मात्र गाऱ्हाणं. आमच्याकडे देवळात एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, अशी रीत आहे. बाई ते वर्गात घालत.

त्या वर्षी बाबांना बांबोळीच्या इस्पितळात ठेवलं होतं. घरात मला कोणी काही सांगत नव्हतं आणि मला कोणी विचारलं तर मीही ‘काय ना’ म्हणत होतो. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या फणसावर चढलो आणि उतरायलाच तयार होईना. हेडमास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, “घेवन जा तेका. सुधारलो की परत घेवन ये.” आई म्हणाली, “सुधारता कसलो? गुरां राखूक तरी उपेगी पडात.” माझं शिक्षण त्या फांदीवरच संपायचं होतं.

बाईंनी अख्खा वर्ग फणसाखाली आणला आणि हात जोडले.

“बा देवा महाराजा! आज ह्यो तुजो झील फणसार चडलो आसा!”

“व्हय महाराजा!”

“तेका कसलो राग इलो, कसली भीती लागली, ता तेका सांगूक येना!”

“व्हय महाराजा!”

“तेच्या पोटात काय आसा, ता तू सांभाळ. पण तेका शेंड्यार चडाची बुद्धी दिव नको, फांदी कुसकी आसा!”

“व्हय महाराजा!”

“ही शाळा की देऊळ?” हेडमास्तर ओरडले आणि सवयीने पोरांनी त्यांनाही ‘व्हय महाराजा’ म्हटलं. मला वर हसू फुटलं, आणि हसताना फांदीला घट्ट धरून बसणं कठीण असतं. मी उतरलो. बाईंच्या कानात विचारलं, “बाबा मरतले?” त्या म्हणाल्या, “माका खबर ना रे. आपण दोगांय विचारून येवया.” त्यांच्या स्कूटरला वाटेतली गुरंसुद्धा मागे टाकत, तरी शनिवारी त्यांनी मला बस स्टँडपर्यंत नेलं आणि तिथून बसने बांबोळीला. बाबा उठून बसले होते. सोमवारी मी वर्गात होतो. आईला बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, गुरांचं नाव पुन्हा निघालं नाही.

परवा मी बाईंना पत्र पाठवलं, ते असं:

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार. आज माझ्या वर्गातली एक मुलगी बाकाखाली जाऊन बसली, बाहेर येईना. मी तुमच्यासारखं गाऱ्हाणं घातलं. पण माझ्या वर्गात निम्मी मुलं कारखान्यांतल्या कामगारांची, घाटावरची. काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नाही. काही ‘येस सर’ म्हणाली आणि कोल्हापूरचा एक जण जोरात ओरडला, ‘चांगभलं!’ बाकाखालून आधी हसू आलं, मग मुलगी आली. जेवली नव्हती.

आई सांगत होती, गुडघ्यांमुळे तुमची स्कूटर उभीच असते, घरात तुम्ही एकट्याच, आणि कोणी विचारलं तर ‘काय ना’ म्हणता. बाई, तेच्यार लक्ष ठेवचा, हे तुम्हीच शिकवलंत. रविवारी खाजं घेऊन येतो. पोटात असेल ते गाऱ्हाणं तुम्ही घाला. व्हय महाराजा म्हणायला मी आहे.