पोछा थांबला की

आमच्या वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशी दिघाशी गावाहून येतात. माझा राउंड सुरू झाला की त्यांचा पोछा नेमका माझ्याच मागे फिरतो. मी नवा डॉक्टर होतो तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

एकदा घरी सोडताना मी मावशींच्याच गावच्या एका आदिवासी बाईला रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या समजावल्या, "दोन्ही जेवणांच्या आधी एकेक." सिस्टरनेही तेच सांगितलं. बाईने दोघांपुढे मान डोलावली. मी पुढच्या खाटेकडे वळलो, तर पोछा तिथेच थांबलेला.

"डॉक्टर, ती येकदाच जेवते."

"मग हो का म्हणाली?"

"जेवतेस किती येळा, ह्ये तुमी इचारलंच न्हाय."

दुसरी गोळी उपाशीपोटी गेली असती तर बाई घरीच कोसळली असती. मावशींनी खाटेखालचं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी बसलो. सिस्टरलाही परत बोलावलं, आणि बाईला विचारून विचारून आम्ही गोळ्या नव्याने लिहिल्या.

अजूनही खाट सोडण्याआधी मी मागे बघतो. पोछा चालू असेल तरच पुढे जातो.