पिराजीच्या आंब्यातला धनेश

शाळेतून निवृत्त झाल्यावर चंदना मगदूम यांना पक्ष्यांचा नाद लागला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक परगावी. थंडी ओसरून पळस फुलायला लागला, की गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि सकाळीच स्कूटर पन्हाळ्याच्या पायथ्याकडं काढायची.

त्या वर्षी तिथल्याच एका शेतकऱ्याच्या, पिराजीच्या, बांधावरच्या जुन्या आंब्यात त्यांना धनेशाची ढोली दिसली. मादी स्वतःला आत कोंडून घेते, दार विष्ठेनं लिंपते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडताही येत नाही. नर आणील तेच खायचं. चंदनाबाईंनी लांब उसाच्या आडोशाला बसून फोटो काढला. नराच्या चोचीत पिकलेलं उंबर, आणि फटीतून पुढं आलेलं तिच्या चोचीचं टोक. इतका चांगला फोटो त्यांना आजवर मिळाला नव्हता.

आनंदाच्या भरात त्यांनी तो पुतण्याला, आदर्शला पाठवला. त्यानं कौतुकानं ठिकाणाच्या नावासकट सगळीकडं टाकला.

रविवारी बांधावर गाड्याच गाड्या. कुणी मोबाइलवर धनेशाचा आवाज वाजवत होतं, कुणी ड्रोन उडवला. नर समोरच्या झाडापर्यंत यायचा आणि चोचीतलं फळ तसंच घेऊन माघारी फिरायचा. चंदनाबाईंनी एकेकाला विनवलं.

"मॅडम, तुमी काढला न्हवं फोटो?" एकजण म्हणाला. "मग आमी काय वाकडं केलंय?"

त्यांनी तिथूनच आदर्शला फोन लावला. आदर्शनं फोटो काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठं पोचला होता. वनखात्याच्या माणसानं झाडाभोवती दोरी बांधली, ती संध्याकाळीच कुणीतरी तोडली. पुढं पुढं नर दिसेनासाच झाला.

एका दुपारी पिराजीचा फोन आला. "बाई, मादी भाईर पडलीया. लवकर या."

कुत्री हाकलून त्यानं तिला डालग्याखाली झाकलं होतं. पंखांच्या जागी नुसती खुंटं. चंदनाबाई तिला पदरात घेऊन पिराजीच्या मोटरसायकलवर बसल्या. जनावरांच्या डॉक्टरकडं निघाल्या खऱ्या, पण वाटेत वाघबिळापाशीच तिची मान कलली. पिराजीनं गाडी थांबवली, मागं वळून बघितलं आणि काही न विचारता परत फिरवली. आंब्यावर चढून त्यानं ढोलीत हात घातला तर अंडी गार पडलेली.

आदर्श घरी येऊन रडला. "काकी, मला म्हाईत न्हवतं."

"मला तर म्हाईत होतं की," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या फाल्गुनात त्या पुन्हा उसाच्या आडोशाला जाऊन बसल्या. मोहराला माश्या घोंगावत होत्या. ढोलीकडं कुणी फिरकलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. "येईल की एखादी जोडी," पिराजी म्हणायचा. त्या मान डोलवायच्या. तसं त्यांना वाटत नव्हतं, आणि खरं तर त्यालाही वाटत नव्हतं.